सणांची पुडकी विकणारे दुकान : वर्षभराच्या अनुभवानंतर

बेळगावच्या गणपत गल्लीतून आतल्या बोळात वळले की पतंगी कागद, कामट्या, सुतळी, डिंक आणि रिकाम्या खोक्यांनी गच्च भरलेले, जेमतेम दहा फुटी रुंदीचे एक दुकान लागते. दुकानाची पाटी दोन पावसाळ्यांपूर्वी उतरवली गेली ती अद्याप परत लागलेली नाही, त्यामुळे जुने गिऱ्हाईक त्याला 'कागदवाले' एवढेच म्हणते. प्रत्येक सणाच्या तीन-चार आठवडे आधी, त्या सणाला मुलांना घरी करता येईल अशा एखाद्या वस्तूचे कच्चे सामान येथे एकत्र बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून विकले जाते. मालक त्याला 'पुडके' म्हणतात. गेल्या दिवाळीपासून गणेश चतुर्थीपर्यंत मी अशी सात पुडकी नेली, त्यांचे एकूण ३०० रुपये झाले, आणि नऊ वर्षांची मुलगी व पाच वर्षांचा मुलगा यांच्यासह ती सगळी घरी वापरून पाहिली. हा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

या दुकानाकडे वळण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. त्याच दिवाळीच्या आधी मी एका कंपनीचा 'घरच्या घरी आकाशकंदील' असा खोका ऑनलाइन मागवला होता आणि त्याला ६४९ रुपये मोजले होते. खोका देखणा होता. आत फोमचे आधीच कापलेले तुकडे होते, प्रत्येक तुकड्यामागे चिकटपट्टी होती आणि कोणता तुकडा कोठे लावायचा याचे आकडेही छापलेले होते. मुलांनी कागद सोलले, तुकडे चिकटवले आणि वीस मिनिटांत काम संपले. त्यानंतर मुलीने विचारले की आता काय करायचे, आणि त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोबत आलेला बटणाएवढ्या सेलवरचा दिवा वसुबारसेला लावला आणि धनत्रयोदशीच्या रात्री विझला. सासूबाईंनी मात्र तो कंदील तयार झाला त्याच दिवशी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हे म्हणजे बाहेरून आणलेल्या लाडवांवर घरचे बेदाणे लावण्यासारखे आहे, असे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला कागदवाल्यांकडे धाडले.

कंदिलाचे पुडके ९० रुपयांचे आहे. त्यात १५ सेंटीमीटर लांबीच्या बांबूच्या २४ कामट्या, तीन रंगांचे पतंगी कागद, सुती दोऱ्याचे रीळ, झिरमिळ्यांसाठी चंदेरी कागदाची पट्टी आणि एक कृतिपत्रक असते. कृतिपत्रक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स असावी, कारण त्यावरील आकृती ओळखण्यासाठी आकृती काय आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. मजकूर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे आणि दोन्हींत सारखाच पुसट आहे. दुकानाविषयीची माझी पहिली तक्रार हीच आहे. म्हणून येथे ती रचना जरा विस्ताराने सांगते.

चार-चार कामट्या घेऊन सहा समान चौकोन बांधायचे. त्यांपैकी चार चौकोन एका टोकावर उभे धरून, शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला कोपरा लावून, गोल कडे करायचे. मग पाचवा चौकोन आडवा धरून त्याचे चार कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या चार टोकांना बांधायचे आणि सहावा त्याच पद्धतीने खाली बांधायचा. बांधून झाल्यावर चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. हे त्रिकोण कोणी केलेले नसतात, आणि मुलांना सर्वाधिक नवल याच गोष्टीचे वाटते. माझ्या मुलीने ते दोनदा मोजले, नंतर चौकोन मोजले, नंतर कोपरे मोजले आणि ते बाराच भरतात म्हणून वाद घातला, कारण सहा चौकोनांचे कोपरे चोवीस व्हायला हवे होते. प्रत्येक गाठीत दोन चौकोनांचा एकेक कोपरा एकत्र येतो हे तिला सांगावे लागले नाही, गाठीवर बोट ठेवल्यावर तिचे तिलाच कळले. शाळेतील भूमितीला तिला इतका वेळ हाताळता येईल अशी वस्तू वर्षभरात मिळालेली मला आठवत नाही.

लहान मुलाला गाठी मारता येत नव्हत्या. त्याच्याकडे कामट्या धरून ठेवण्याचे काम होते आणि ते त्याने अत्यंत गांभीर्याने, मध्येच शिंकून एक अख्खे कडे सोडून दिले तो अपवाद वगळता, पार पाडले. येथे दुकानाचा दुसरा दोष सांगितला पाहिजे. कामट्या नीट तासलेल्या नसतात. त्यांच्या कडेला बारीक कुसे असतात आणि ती बोटात जातात. मुलांच्या हाती देण्यापूर्वी मोठ्या माणसाने प्रत्येक कामटी खरखरीत पॉलिश पेपरवरून दोन-तीनदा ओढून घ्यावी. एवढ्या कामाला अर्धा तास लागतो आणि तो पुडक्याच्या किमतीत धरलेला नाही.

पुडक्यात गोंद नसतो, आणि हे मी दोष मानत नाही, कारण पतंगी कागदाला बाजारातल्या गोंदापेक्षा घरची खळ अधिक मानवते. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न राहू देता कालवून, मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळला की खळ होते. पूर्वी तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत आणि आमच्या सासूबाईंना तसेच करायचे होते, परंतु मोरचूद विषारी असतो आणि पाच वर्षांच्या मुलाची बोटे दिवसातून कितीदा तोंडात जातात याचा हिशेब ठेवणे कोणालाही शक्य नाही. मोरचुदाशिवाय केलेली खळ दोन दिवसांत आंबते. तेव्हा ती लागेल तेवढीच करावी.

खळ कागदाला न लावता कामटीला लावावी, असे दुकानदार आवर्जून सांगतात आणि ते बरोबर आहे. कागदाला लावली तर तो जागोजागी फुगतो आणि ओढताना फाटतो. कागद चौकटीपेक्षा चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर मोठा कापावा, हाताने किंचित ओलसर करावा आणि मग चिकटवावा. वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. मात्र या पुडक्यातील गुलाबी कागदाचा रंग पक्का नाही. आमच्या मुलांचे हात चतुर्दशीपर्यंत गुलाबी राहिले. त्यात भर म्हणजे परतीच्या पावसाची एक सर दिवाळीच्या तोंडावर येऊन गेली, आणि बेळगावात ती येतेच, तेव्हा गुलाबी रंग पांढऱ्या कागदावर ओघळला. मी तक्रार घेऊन गेले असता दुकानदारांनी वाद न घालता गुलाबीच्या जागी नारिंगी कागद दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे आतली उष्णता निघून जाते. दिवा कमी वॅटचा एलईडीच वापरावा, पूर्वीच्या तारेच्या दिव्याने कागद करपण्याची भीती असते. वायर जोडण्याचे आणि कंदील टांगण्याचे काम मुलांकडे मुळीच देऊ नये.

आमचा कंदील थोडा कलता झाला. त्याचे कारण हाताची चूक हे नव्हते, तर पुडक्यात कामट्या २२ च निघाल्या होत्या आणि उरलेल्या दोन आम्ही खराट्याच्या हिरांवर हिर बांधून भागवल्या. दुकानात जाऊन हे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "मोजून घ्या म्हणून सांगितलो की ओ अक्का मी तुम्हाला!" त्यांनी तसे सांगितले होते, हे मला कबूल केले पाहिजे. तरीही पुडके बांधणाऱ्याने मोजणे आणि नेणाऱ्याने मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे माझे मत अजूनही आहे.

दिवाळीत किल्ला करण्याची चढाओढ आमच्याकडे गल्लोगल्ली असते, परंतु किल्ल्याचे पुडके हे दुकान ठेवत नाही. विचारल्यावर, माती आणि दगड विकत घ्यायला लागले तर किल्ला कशाला करायचा, असे उत्तर मिळाले आणि त्यावर मला काही बोलता आले नाही. त्यांच्याकडे मावळे मात्र मिळतात, पण ते प्लास्टिकचे, एकाच साच्यातले आणि सगळे एकाच दिशेला पाहणारे असतात. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर गोणपाट ओले करून त्यावर अळीव पसरावेत. अळीव दोन दिवसांत मोड धरतात आणि पाच-सहा दिवसांत किल्ला हिरवा दिसू लागतो. आम्ही येळ्ळूरजवळचा राजहंसगड केला. तो मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला असल्यामुळे तटबंदी कोठून वळते यावर दोघांची भांडणे झाली आणि ती भांडणे मला मावळ्यांपेक्षा मोलाची वाटली.

डिसेंबरमध्ये या दुकानात मुखवट्याचे ४० रुपयांचे पुडके मिळते. ३१ डिसेंबरच्या रात्री 'ओल्ड मॅन'चा पुतळा जाळण्याची बेळगावची प्रथा बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. कॅम्प भागात गवत, जुने कपडे आणि कागद यांचे लहानमोठे म्हातारे विकायला ठेवलेले असतात आणि मुले वर्गणी काढून ते नेतात. पुतळ्यात फटाके भरण्याचा प्रकार मला पसंत नाही, म्हणून आम्ही म्हातारा करतो पण जाळत नाही. पुडक्यात एक मोठा फुगा, रद्दीच्या पट्ट्या, रंगांच्या पुड्या आणि दाढीसाठी काथ्या असतो. फुगवलेल्या फुग्याच्या एका बाजूवर खळीत बुडवलेल्या पट्ट्यांचे चार-पाच थर आडवे-उभे द्यावेत आणि दोन थरांमध्ये काही तास वाळू द्यावे. सगळे थर एकाच दिवशी दिले तर बाहेरून वाळलेला मुखवटा आतून ओलाच राहतो आणि त्याला बुरशी येते. पहिल्या प्रयत्नात आमच्या म्हाताऱ्याच्या गालावर हिरवट डाग उमटले. मुलाला ते फार आवडले आणि त्याने रंग द्यायला नकार दिला.

संक्रांतीच्या २५ रुपयांच्या पुडक्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. हळदीकुंकवाला वाण लुटण्यासाठी पुठ्ठ्याच्या लहान डब्या करायच्या असतात आणि त्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांपासून अधिक चांगल्या होतात. हे पुडके घेऊ नये. पाडव्याच्या छोट्या गुढीचे ३५ रुपयांचे पुडके बरे आहे, त्यातील खणाचा तुकडा खराखुरा आहे आणि तेवढ्यासाठी ते घ्यायला हरकत नाही.

या दुकानाचे सर्वांत सरस काम पावसाळ्यात दिसते. ज्येष्ठ अमावास्येला उत्तर कर्नाटकात मातीचे बैल पुजतात. कन्नडमध्ये तिला 'मण्णेत्तिन अमावास्ये' असे म्हणतात आणि बेळगावातील मराठी घरांतूनही मातीची बैलजोडी आणली जाते. त्या सुमारास ३० रुपयांचे बैलांचे आणि पुढे चतुर्थीच्या आधी ६० रुपयांचे गणपतीचे पुडके निघते. बैलांची माती तांबडी, खानापूरकडची असते. खानापूर भांड्यांसाठी आणि कौलांसाठी ओळखले जाते, खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तेथे आहे. गणपतीची माती मात्र शाडूची, पांढरट आणि मऊ असते. दोन्ही माती दुकानदार चाळून, भिजवून, मळून आणि ओल्या फडक्यात गुंडाळून देतात. वाळलेली माती स्वस्त पडेल, पण ती घरी भिजवून खडे काढून मळायला दोन दिवस लागतात, हे ज्याने केले आहे त्याला या ओल्या फडक्याची किंमत कळेल.

शेजारच्या कन्नड भाषक घरातली मुलगी बैल करायला आमच्याकडे आली होती. तिची आज्जी दरवर्षी बैल करते, त्यामुळे तिचा हात आमच्या मुलांपेक्षा सराईत होता. धडासाठी एक जाड वळी करायची, तिच्यातूनच चार पाय चिमटून खाली ओढायचे, पाठीवर वशिंड दाबून उभे करायचे आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे रोवायचे, हा क्रम तिने दाखवला. आमची मुले पाय वेगळे करून चिकटवत होती आणि बैल एकेक करून बसत होते. वेगळा भाग जोडायचाच असेल, जसे शिंगे किंवा गणपतीची सोंड, तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून, मध्ये मातीचा पातळ लगदा लावून दाबावे लागते. नुसते पाणी लावून चिकटवलेली सोंड वाळल्यावर गळून पडते. आमच्या घरी ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पडली आणि तेव्हा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. सासूबाईंनी लगदा करून ती परत बसवली आणि जोड झाकण्यासाठी वरून दूर्वांचा हार चढवला.

तडे जाऊ नयेत म्हणून काय करावे, हे कृतिपत्रकात नाही. मूर्ती कोठे जाड आणि कोठे पातळ असेल तर पातळ भाग आधी वाळून आक्रसतो आणि त्या सीमेवर तडा जातो. म्हणून जाडी शक्यतो सारखी ठेवावी, मातीत पिंजलेला कापूस थोडा मळून घ्यावा आणि वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. बेळगावच्या जून महिन्याच्या दमट हवेत वीतभर बैलाला चार-पाच दिवस लागतात. घाई करून चुलीजवळ ठेवलेला आमचा एक बैल पोटातून उकलला. तो तसाच पुजला. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करता आली, रात्रभरात ती पाण्यात बसली आणि ती माती मुलांनी परसातल्या जास्वंदीला घातली.

श्रावणातील राखीच्या २० रुपयांच्या पुडक्यात वडगावच्या मागांवरून उरलेल्या सुताच्या आणि रेशमी धाग्यांच्या गुंड्या असतात. साड्यांचे रंग असल्यामुळे ते धागे गडद आणि झळझळीत असतात. तीन पदरी वेणी घालून मध्ये गोंडा बांधला की राखी होते आणि एका पुडक्यात आमच्या दहा राख्या झाल्या. सातही पुडक्यांत पैशाच्या मानाने सर्वांत अधिक देणारे पुडके हेच आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करता आलेली एकमेव वस्तूही हीच आहे. त्याने एक राखी स्वतःसाठीच केली आणि बहिणीने बांधायच्या आधीच हातात घातली.

दुकानाविषयी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगून थांबते. दुपारी एक ते चार दुकान बंद असते. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण सुटे दिले तर मालक अधिक प्रसन्न दिसतात. शनिवारी बाजारात गाडी नेऊ नये, लांब लावून चालत यावे. कंदिलाची पुडकी दसऱ्याच्या आत संपतात, तेव्हा नवरात्रातच सांगून ठेवावीत. मुलांना सोबत न्यावे, कारण कागदाचा रंग निवडू देण्यात दुकानदार कंटाळा करत नाहीत आणि फळीवर ठेवलेली गोकाकची लाकडी फळे हाताळू देतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी माती आणि धागे सोडून बाकीची पुडकी घेण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाला शेजारी बसायला संध्याकाळचे दोन तास नसतील तर या पुडक्यांपेक्षा तयार कंदील आणलेला बरा.

या वर्षीचे कंदिलाचे पुडके परवाच आणले. कामट्या अजूनही तासलेल्या नाहीत, गुलाबी कागद मात्र बदललेला दिसतो. मुलीने दुकानाच्या फळीवरच पुडके सोडून कामट्या मोजायला घेतल्या आणि मालक हाताची घडी घालून बघत राहिले. २५ निघाल्या.